पंगतीला कोण कोण?

इसवी सन ११२च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी एका नव्या पंथामुळे हैराण झाला होता. देवळे ओस पडत चालली होती. बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेना, अशी तक्रार त्याच्या कानावर येत होती. त्याने काही ख्रिस्ती माणसे पकडून त्यांची चौकशी केली. दोन दासींचा तर छळ करून जबाब घेतला. त्या दोघी या मंडळीच्या सेविका होत्या. मग जे हाती लागले ते त्याने सम्राट ट्रेजनला कळवले. ही माणसे एका ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात, चोरी, लूट, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. मग पांगतात आणि पुन्हा एकत्र येऊन जेवतात. जेवण अगदी साधे असते.

प्लिनीला बहुधा कटाचा वास येत होता. हाती आले ते एवढेच: एक गाणे, एक शपथ आणि एक जेवण. मूर्ती नाही, यज्ञ नाही, देऊळही नाही. मग हे लोक देवाची पूजा करतात म्हणजे नेमके काय करतात, हे कोडे त्याला शेवटपर्यंत सुटले नसावे.

मराठी वाचकाचे कोडे याहून फार वेगळे नाही. ख्रिस्ती उपासनेची त्याची ओळख बहुतेक वेळा हिंदी सिनेमाने करून दिलेली असते. मेणबत्त्या, पियानो, पांढऱ्या झग्यातली नवरी, जाळीआड बसलेला फादर आणि संकटकाळी एकटाच क्रूसासमोर गुडघे टेकणारा नायक. या चित्रातला सगळ्यात मोठा घोटाळा त्या एकट्या नायकात आहे. एकट्याने केलेली प्रार्थना ख्रिस्ती माणसाला वर्ज्य नाही. येशूने तर खोलीचे दार लावून प्रार्थना करायला सांगितले होते. पण चर्च ज्याला उपासना म्हणते ती एकट्याने होत नाही. तिला मंडळी लागते. भक्त आणि देव यांच्यामध्ये तिथे आणखी एक जण कायम असतो: शेजारी बसलेला माणूस. तो कोण असावा हे आपल्या हातात नसते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

पहिल्या शतकात करिंथ या ग्रीक बंदराच्या गावात ही अडचण उघड्यावर आली. तिथली मंडळी प्रभूचे भोजन घ्यायला जमत असे. सधन लोक लवकर येऊन आपले आणलेले खाऊन-पिऊन मोकळे होत आणि गरिबांच्या वाट्याला रिकामे पोट राहत असे. पौलाने त्यांना जे पत्र लिहिले त्यात गाणी चुकली, विधी चुकला अशी तक्रार नाही. तुम्ही एकमेकांसाठी थांबत नाही, गरिबाला लाजवता, म्हणून तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असे त्याने खडसावले. म्हणजे उपासना बाद ठरली ती पंगतीतल्या वागणुकीमुळे. ख्रिस्ती उपासनेवर पुढे जे खंडच्या खंड लिहिले गेले, त्यांतल्या बऱ्याच ग्रंथांपेक्षा हे एक प्रकरण अधिक उपयोगाचे आहे.

सुमारे शंभर वर्षांनी, १५५च्या आसपास, रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माची बाजू मांडली आणि रविवारच्या सभेत काय घडते ते सांगून टाकले. गावातले आणि शिवारातले लोक एके ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात. प्रमुख चार शब्द सांगतो. सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, प्रमुख आभार मानतो, लोक आमेन म्हणतात आणि वाटप होते. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवतात. ज्यांना ऐपत आहे ते स्वेच्छेने दान देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले कैदी, परगावचे पाहुणे यांची सोय होते.

वसईच्या नंदाखाल चर्चमधली रविवारची मिस्सा असो की नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातली उपासना, तिचा सांगाडा अजूनही हाच आहे: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर, दान. कॅथलिक तो दर रविवारी पुरा करतात. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्यातून एकदा होते आणि एरवी गीते व उपदेश यांवर भर असतो. रविवारी सुट्टी असते म्हणून हे लोक रविवारी जमतात, हा समज मात्र उलटा आहे. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून ते आधीपासून जमत होते. सुट्टी दिली ती सम्राट कॉन्स्टंटाइनने, ३२१ साली. तोवर कामावर जाण्याआधी पहाटेच उपासना उरकावी लागत असे.

आता ही पंगत महाराष्ट्रात मांडून पाहावी. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे याचे नियम बारकाईने ठरलेले होते, तिथे एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला घोट म्हणजे काय, हे करिंथकरांपेक्षा नगरकरांना अधिक चांगले कळले असणार. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. सुरुवातीला ख्रिस्ती झालेल्यांत मोजके ब्राह्मण होते, पुढे महार आणि मांग कुटुंबे मोठ्या संख्येने आली. सगळ्यांना प्रभुभोजनाला एकत्र बसावे लागे. धर्म सोडणे एक वेळ सोपे, पण शतकांची सवय घशातून खाली उतरवणे अवघड. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपले सोवळे कसे हळूहळू गळून पडले ते लिहिले आहे. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरची वर्षे, वेगळी चूल, मग एकेक गाठ सुटत जाणे. ते वर्णन विनोदी आहे म्हणून लोकप्रिय झाले. मराठीतला उपासनेवरचा एक महत्त्वाचा दस्तऐवज म्हणून मात्र ते फारसे कोणी वाचत नाही.

सगळीकडे हे साधले असे म्हणता येणार नाही. गोव्यात काही गावांच्या चर्चमधले सणाचे मान आणि तिथल्या बंधुसंघांचे सभासदत्व दीर्घकाळ जातीच्या आणि गावकरी घराण्यांच्या हिशेबाने चालले. तमिळनाडूतल्या वडक्कनकुळम गावी तर एकोणिसाव्या शतकात दोन दालनांचे चर्च उभारले गेले. दोन जाती दोन दालनांत बसत आणि दालने वेदीपाशी मिळत. मधली भिंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडली गेली. देव एक, वेदी एक, बसायची जागा दोन! पौलाच्या मापाने तिथे उपासना झाली की नाही, हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडलाच नाही, हे अधिक बोलके आहे.

याच्या तुलनेत दुसरा प्रश्न फार चर्चिला गेला: गायचे कोणत्या चालीत आणि बोलायचे कोणत्या भाषेत. तो प्रश्न गौण आहे असे नाही. मराठीला तर त्याने बरेच काही दिले. मूळचे इंग्लंडचे आणि १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांची एक उणीव ओळखली. या लोकांची पुराणे त्यांच्यापासून काढून घेतली होती. त्यांच्या जागी ऐकायला, गायला काहीच दिलेले नव्हते. रायतूरच्या छापखान्यात १६१६ साली छापून निघालेले ‘क्रिस्तपुराण’ ही ती भरपाई. रोमन लिपीत छापलेली, मराठी ओव्यांची ही दहा हजारांहून मोठी रचना. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. चर्चमध्ये ते रविवारी आणि सणावारी वाचले जाई. ज्या राजवटीच्या आश्रयाने पुराणे गेली, त्याच राजवटीत हे पुराण आले, ही विसंगती नजरेआड करून स्टीफन्सचे गोडवे गाणे बरे नव्हे. आणि ती राजवट पुढे आणखी आवळली: १६८४ साली तिथल्या व्हाइसरॉयने स्थानिक बोलीच बंद करून पोर्तुगीज चालवण्याचा हुकूम काढला.

देशावर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडली. मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे केली, ती इंग्रजी चालीत बसवली आणि खेड्यातल्या माणसांनी ती कशीबशी ओढत म्हटली. कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी वृत्तांत गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, मध्येच पदे, हाताशी टाळ आणि मृदंग. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे नाहीतर योसेफाचे. मग आले लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अभंग घेऊनच चर्चमध्ये शिरला. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत असा त्यांचा बेत होता. दोनच वर्षांत ते वारले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण त्या दरबाराच्या दाराशी त्यांनी जो प्रश्न ठेवला तो चालींचा नव्हता, आत कोणाला घ्यायचे याचा होता. टिळकांना आपण कवी म्हणून जपले आणि त्यांची ही बाजू सोडून दिली.

कॅथलिकांच्या बाबतीत भाषेचे दार रोमने उघडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. त्याआधी वसईतल्या शेतकऱ्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून पुटपुटत आणि मागे बायाबापड्या आपापली रोजरीची माळ ओढत. घरात सामवेदी, बाजारात मराठी, देवापुढे लॅटिन. मग मिस्सा मराठी झाली, धर्मगुरू लोकांकडे वळले आणि वसईत गीतकार, गायनमंडळे, नियतकालिके यांची मोठी धामधूम सुरू झाली. त्याच वातावरणात वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढे ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

भाषेपाठोपाठ रीतींचा विषय निघाला. भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा सवलती रोमने एप्रिल १९६९ मध्ये मान्य केल्या. जोडे काढून जमिनीवर बसावे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार करावा, मेणबत्तीच्या जागी तेलाचे दिवे लावावेत, आरती ओवाळावी, वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी हात लावून तो डोळ्यांना किंवा कपाळाला लावावा, रोमन पोशाखाऐवजी साधा झगा आणि अंगवस्त्र घ्यावे, अशा त्या गोष्टी. यावरून केवढे रण माजले! काहींना हे ख्रिस्ती धर्माचे हिंदूकरण वाटले, तर काही हिंदूंना ही धर्मांतराची नवी चाल वाटली. दोन्ही बाजूंनी ओरड झाली म्हणजे निर्णय बरोबर होता, असे मात्र समजू नये.

कारण खरा नेमका आक्षेप तिसरीकडून आला. १९८०च्या दशकात दलित ख्रिस्ती विचारवंत बोलू लागले. बेंगळुरूत शिकवणारे अरविंद निर्मल हे त्यांतले आद्य नाव. समई, संस्कृत मंत्र, पंचारती हे सगळे भारतीय खरेच, पण कोणाच्या भारतातले? ज्यांच्या आजोबाला देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्यांना चर्चमध्ये पुन्हा तेच गर्भगृह दाखवून आपलेपणा कसा वाटणार? त्यांच्या वस्तीत वाजते ती हलगी. हलगी वेदीपाशी पोचायला आरतीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि त्याला रोमच्या परवानगीची अडचण नव्हती.

आणखी एक धारा या साऱ्या वादांच्या बाहेरून वाहत आली. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली प्रार्थनेला जमल्या आणि रडणे, पापे कबूल करणे, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे असे काही सुरू झाले की ते महिनोन्‌महिने चालले. या मुलींमध्ये दुष्काळातून उचलून आणलेल्या अनाथ होत्या, बालविधवा होत्या. त्यांना तोवर कोणी मोठ्याने बोलूही दिले नव्हते. आज पुण्या-मुंबईच्या चाळींत आणि भाड्याच्या हॉलमध्ये कीबोर्ड-ड्रमच्या तालावर चालणारी ‘स्तुती आणि आराधना’ ऐकून जुन्या मंडळ्यांतले लोक नाक मुरडतात. केडगाव त्यांच्याच इतिहासातले आहे हे ते विसरतात. नगर भागात मूळ धरलेली मुक्तिफौज तर आणखी निराळी. तिथे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनही नाही. गणवेश, ढोल, गीते, साक्षी आणि दवाखान्यातली सेवा एवढ्यावर त्यांची उपासना उभी आहे. भाकरीशिवाय पंगत होते का? ते म्हणतात, होते. भुकेल्याला वाढले की झाली.

मार्च २०२० मध्ये हा प्रश्न प्रत्येक चर्चच्या दाराशी येऊन ठेपला. चर्चना कुलपे लागली. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात प्रार्थना केली. मराठी मंडळ्या मोबाइलवर जमू लागल्या. काही प्रॉटेस्टंट घरांत पडद्यासमोर ताटलीत पोळीचा तुकडा आणि कपात द्राक्षाचा रस ठेवून प्रभुभोजन झाले; पाळकांमध्ये त्यावरून मतभेद झाले. कॅथलिकांना मनोमन कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, घेण्यास सांगितले गेले. सोय झाली, पण समाधान थोड्यांचेच झाले. जो शेजारी एरवी बेसूर गातो, उशिरा येतो, बाकावर पसरून बसतो, तो नसला की उपासना अपुरी वाटते, हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले असेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही पंगत सगळ्यांना खुली नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना होते. तिथे हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे मेणबत्ती आणि नवस घेऊन येतात आणि कोणी त्यांना जात-धर्म विचारत नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीला आणि श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीला तीच गर्दी. पण मिस्सेतले कम्युनियन फक्त कॅथलिकांसाठी असते. इतकेच काय, वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रॉटेस्टंट, दोघेही मराठी, दोघेही त्याच येशूचे, तरी एरवी एका वेदीवर एकत्र खात नाहीत. प्रॉटेस्टंटांनी आपापसातल्या भिंती काही प्रमाणात पाडल्या: २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे, दोघेही त्यात सामावले. रोमशी मात्र हा दुरावा अजून तसाच आहे, आणि त्याबद्दल खंत व्यक्त करणारी निवेदने दोन्ही बाजूंनी भरपूर निघतात.

पंगतीत वाढायचे कोणी, हाही जुनाच वाद. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी धर्मगुरू मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. शतकानुशतके हे बाराही पुरुष असत. स्त्रियांचे पाय धुण्यास रीतसर मान्यता मिळाली ती जानेवारी २०१६ मध्ये. २०२१ साली वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदे स्त्रियांना खुली झाली. प्रत्यक्षात ही कामे त्या कितीतरी आधीपासून करत होत्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक होतात, आणि २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने नंद्याळला एग्गोनी पुष्पा ललिता यांना बिशप केले. मराठी मंडळ्यांत लक्ष्मीबाई टिळक याच्या कितीतरी आधी उभ्या राहून कीर्तन करत होत्या आणि पुरुष खाली बसून ऐकत होते. वसईच्या चर्चमध्ये आज बाई पहिले वाचन करते, गायनमंडळ चालवते, मुलांना धर्मशिक्षण देते, आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेते. वेदीमागे उभे राहून ती भाकर मोडण्याची मुभा तिला अद्याप नाही.